चारशे पंचावन्न फुटांची रेषा



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी इथल्या कितीतरी पिढ्यांना भूगोल शिकवला. त्यांच्या वर्गात पुस्तक नंतर उघडलं जायचं, आधी भिंतीवर नकाशा लागायचा. म्हणून आज मी विषय घेतला तो नकाशाचाच, आणि तोही आपल्याच नंदुरबार जिल्ह्याचा. माझ्या मागे जी पत्रकं एकमेकांना जोडून लावली आहेत, ती सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं आहेत, एक इंचाला एक मैल या प्रमाणातली. मागच्या रांगेतून तपकिरी रेषांचं जाळं तेवढं दिसत असेल. कार्यक्रम संपल्यावर जवळ या, चष्मा लावा आणि आपापलं गाव शोधा. त्यासाठीच ती आणली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यातलं एक नदीखोरं पाण्याखाली गेलं. ते किती उंचीपर्यंत जाणार, याचा विचार अशाच कागदांवरच्या रेषा बघून सुरू झाला. आणि ते खोरं बुडण्याआधी कसं होतं, हे दाखवणारा सरकारी पुरावाही आज हाच कागद आहे. पण हा पुरावा अपुरा आहे. तो पुरा करू शकणारी माणसं अजून हयात आहेत, पण दरवर्षी कमी होत आहेत. एवढंच मला सांगायचं आहे. बाकी सगळं त्याच्या पुष्ट्यर्थ.

आधी हा कागद वाचायचा कसा, ते पाहू. सर्व्हे ऑफ इंडियानं सगळ्या देशाचे चार अंशांचे चौकोन पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. आपल्या वाट्याला आला ४६. त्याचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी अक्षरं. आपला बहुतेक जिल्हा ४६ जी आणि ४६ के या दोन भागांत बसतो. त्यांचे पुन्हा सोळा-सोळा तुकडे, आणि असा एकेक तुकडा म्हणजे एकेक पत्रक. निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा, लाल वस्तीचा. ज्या ओढ्यांना उन्हाळ्यात पाणी राहत नाही ते काळ्या रेषेनं दाखवतात. आपल्या पत्रकांवर अशा काळ्या रेषा किती आहेत ते बघा, म्हणजे या जिल्ह्याची तहान कळेल. आणि तपकिरी रेषा उंचीच्या. एकाच उंचीवरची ठिकाणं जोडत गेलेली रेषा ती समोच्च रेषा. रेषा दूर दूर असल्या की जमीन सपाट, खेटून आल्या की कडा.

एवढं कळलं की जिल्हा उलगडतो. खाली तापी, वर नर्मदा. एक मुलताईला उगम पावते, दुसरी अमरकंटकला. दोघीही पश्चिमेकडे वाहतात आणि अरबी समुद्राला मिळतात. आपल्या जिल्ह्यात त्या दोघींमध्ये पन्नास-पंचावन्न किलोमीटरचंच अंतर उरतं, आणि त्या अंतरात सातपुडा उभा आहे. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात तपकिरी रेषा इतक्या विरळ आहेत की कागद पिवळाच दिसतो. तळोद्याच्या पुढे त्या अचानक एकमेकींना भिडतात. चांदसैली घाटानं जे धडगावला गेले असतील, त्यांच्या पोटात तो बदल झाला असेल. इथे तो कागदावर दिसतो. वर अस्तंब्याचं शिखर, तेराशे मीटरच्या वर. दिवाळीत रात्री मशाली घेऊन अश्वत्थाम्याच्या यात्रेला लोक तिथे चढतात. पूर्वेला तोरणमाळचं पठार. आणि त्याच्या पलीकडे रेषा पुन्हा कोसळतात, त्या थेट नर्मदेच्या घळीत. धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस तापीला जातो, पलीकडे पडलेला नर्मदेला. उदई नदी त्या पलीकडच्या पावसाची. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे ती येणार आहे.

आता प्रश्न असा, की हे सगळं मोजलं कुणी? आणि कशासाठी?

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. सपाटीवरचा मुलूख त्यांना लवकर वठणीवर आणता आला, सातपुडा आणता आला नाही. १८२५ साली आउट्रमनं भिल्ल पलटण उभी केली ती त्यासाठीच. ज्याला डोंगरात फौज न्यायची आहे, त्याला घाट माहीत हवेत, पाणवठे माहीत हवेत, कुठल्या खिंडीतून घोडं जातं आणि कुठून जात नाही हे माहीत हवं. ज्याला साग तोडून न्यायचा आहे, त्यालाही तेच हवं. नकाशा काढणाऱ्यांची चिकाटी थोर होती, हे मी मान्य करतो. पण तो कुणाच्या गरजेपोटी निघाला, हे विसरून तो वाचता येत नाही.

चिकाटी म्हणजे काय, तेही सांगतो. १८०२ साली लॅम्बटननं मद्रासला एक पायारेषा मोजली. तिच्यावरून त्रिकोण, त्या त्रिकोणावरून पुढचा त्रिकोण, असं करत सगळा देश त्रिकोणांच्या जाळ्यात आला. त्या जाळ्यातले बिंदू म्हणजे डोंगरमाथे. पत्रकावर जिथे छोटा त्रिकोण आणि शेजारी आकडा दिसतो, तिथे कुणीतरी थिओडोलाइट घेऊन उभं राहिलेलं असतं. मग दुसरी तुकडी यायची, तिच्याकडे तिपाईवरचं प्लेन टेबल. त्यावर कागद ताणलेला. डोंगरावर उभं राहायचं, समोरच्या ओळखीच्या माथ्यांवर नजर धरायची, त्यावरून आपली जागा कागदावर पक्की करायची, चढ-उतार मोजायचे आणि बिंदूंच्या मधल्या रेषा समोरची जमीन डोळ्यांनी बघत हातानं ओढायच्या. हवाई छायाचित्रं येईपर्यंत समोच्च रेषा अशाच काढल्या जात. जुन्या पत्रकावरची रेषा म्हणजे बरंच मोजमाप आणि थोडा अंदाज.

आणि मोजणी करणाऱ्या साहेबाबरोबर कोण असायचं? निशाण धरणारे, साखळी ओढणारे, यंत्राच्या पेट्या वाहणारे खलाशी. वाट दाखवणारा स्थानिक माणूस. सातपुड्यातल्या हिवतापाची धास्ती तेव्हा सगळ्यांनाच होती. अंमलदार पावसाळ्यानंतरचे महिने टाळायचे. वाटाड्याला ते टाळता येत नव्हतं, कारण त्याचं घरच तिथे होतं. पत्रकाच्या समासात सर्व्हेयर जनरलचं नाव छापलेलं असतं. वाटाड्याचं नाव कुठेच नसतं. हे डोंगर ज्याच्यामुळे कागदावर आले, तो कागदावर नाही. इथून या नकाशाचा अपुरेपणा सुरू होतो.

आणखी एक मोजणी याच काळात चालली होती, ती जमीनमहसुलाची. तिच्यात गफलत करू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा डोंगर-नद्या दाखवतो, जमीन कुणाची ते सांगत नाही. ते सांगतो महसुली नकाशा, ज्यावर सर्व्हे नंबर असतो आणि ज्याच्यामागे सातबारा असतो. १८५२ साली खानदेशात ही महसुली मोजणी आली, तेव्हा सावदा, यावल, एरंडोल भागातले शेतकरी हजारोंनी तिच्या विरोधात उठले. त्यांना कळलं होतं की मोजणी झाली की सारा ठरतो. सपाटीवर मोजणीनं लोक धास्तावले. डोंगरात पुढे उलटं झालं. अक्राणी-अक्कलकुव्यातली कितीतरी गावं वनगावं म्हणून राहिली, त्यांची शेतवार मोजणी झालीच नाही, आणि ज्याची मोजणी नाही तो आपली जमीन आपली आहे हे दाखवणार कशावरून? पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन, पण कागद नाही. हा धागा हातात ठेवा.

तापीकडे थोडा वेळ थांबतो. फार नाही, कारण ती बाजू आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे.

नंदुरबारच्या दक्षिणेला पत्रकावर लांबट, अरुंद, नाकासमोर सरळ धावणाऱ्या टेकड्या दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. निसर्गात इतकी सरळ रेषा क्वचित सापडते. या टेकड्या म्हणजे डाइक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, तेव्हा जमिनीला लांब भेगा पडल्या, त्या भेगांत रस भरून थिजला. आजूबाजूचा दगड झिजला, हा कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. नंदुरबार-धुळे हा पट्टा या डाइकांसाठी भूशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. आपण मात्र त्यांची खडी करतो आहोत. आणखी काही वर्षांनी यातल्या काही टेकड्या फक्त या पत्रकावर उरतील.

प्रकाशा बघा. तापी आणि गोमाई यांचा संगम. दक्षिण काशी म्हणून आपण तिथे हात जोडतो, पण १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. तीन हजारांहून अधिक वर्षं माणसं तिथे राहत आली आहेत. का? पत्रक सांगतं. तापीच्या दोन्ही काठांना उंच दरडी आणि घळी आहेत, नदी खोल वाहते. तिचं पाणी शेतात आपसूक येत नाही. संगमाजवळ मात्र उंच, पुरापासून सुरक्षित जागा आणि बारमाही पाणी, दोन्ही एकत्र मिळतात.

आणि नवापूरकडे बघा. जुन्या पत्रकावर हा सगळा सलग पश्चिम खानदेश आहे. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, पश्चिम खानदेशची काही गावं गुजरातेत गेली. इंग्रजांच्या भिल्ल एजन्सीचं ठाणं असलेलं कुकरमुंडा पलीकडे गेलं. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण ज्यांची सोयरीक पलीकडच्या गावात होती, ज्यांची आठवडेबाजाराची वाट पलीकडून जात होती, त्यांचा विचार करा. नकाशावर ती वाट तशीच आहे, तुटक रेषेनं काढलेली. पुढे १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं आणि तापीचं तुंबलेलं पाणी आपल्या हद्दीतही आलं. म्हणजे या जिल्ह्यानं धरणाचं पाणी दोन बाजूंनी पाहिलं आहे, दक्षिणेला तापीचं आणि उत्तरेला नर्मदेचं.

शहाद्याच्या पिवळ्या रंगाबद्दल एकच सांगतो. पिवळा रंग म्हणजे पीक. ते पीक कुणाच्या मालकीच्या शेतात आहे आणि कुणाच्या हातचं आहे, हे रंगावरून कळत नाही. त्याच पिवळ्या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या. त्या जमिनींसाठी अंबरसिंग महाराज उभे राहिले, १९७२ साली श्रमिक संघटना झाली. शहाद्याचा लढा समजून घेण्यासाठी हा नकाशा उपयोगाचा नाही. त्याचं अपुरेपण इथे दुसऱ्यांदा दिसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, नर्मदेकडे.

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी गुजरातेत नर्मदाकाठच्या नवागामला धरणाची कोनशिला बसवली, तेच पुढे सरदार सरोवर झालं. तेव्हा जे धरण ठरलं होतं, त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जलाशयाची पूर्ण पातळी होती १६० फूट. पुन्हा सांगतो, १६० फूट. मग ती ४५५ पर्यंत कशी गेली?

त्याचं उत्तर नर्मदा लवादाच्या निवाड्यात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या निकालातही नोंदलेलं आहे. कोनशिला बसली, प्राथमिक कामं सुरू झाली. दरम्यान सर्व्हे ऑफ इंडियानं नवागामच्या वरच्या बाजूच्या खोऱ्याचं नकाशाकाम पुरं केलं. समोच्च रेषांची पत्रकं अभियंत्यांच्या टेबलावर आली. त्यांनी अभ्यास केला आणि त्यांच्या लक्षात आलं, की नवागामलाच धरण उंच केलं तर वर खूप मोठा साठा होऊ शकतो. आकडा निघाला ४६० फूट. मग अरुंद घळीत अधिक योग्य जागेचा शोध झाला आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये नवी जागा पक्की झाली. १९६५ साली खोसला समितीनं ५०० फूट सुचवले. राज्याराज्यांत वाद झाला, १९६९ साली लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ च्या निवाड्यात पातळी ठरली ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर.

अभियंत्यांनी काय पाहिलं असेल, ते मी तुमच्यासमोर करून दाखवतो. धरणाच्या जागेवर बोट ठेवायचं. एक समोच्च रेषा धरायची आणि नदीच्या एका काठानं वर जायचं. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी रेषा आत वळते, पार आत जाऊन परत येते. असं करत वर जायचं आणि दुसऱ्या काठानं खाली यायचं. जो आकार बंद झाला, तेवढं तळं. त्याचं क्षेत्र प्लॅनिमीटरनं मोजायचं. मग वरची रेषा, तिचं क्षेत्र. दोन क्षेत्रांची सरासरी, गुणिले मधली उंची, की तेवढ्या थरातलं पाणी निघालं. सगळ्या थरांची बेरीज केली की साठा. ही रीत चुकीची नाही. जगात सगळीकडे धरणाचा पहिला हिशेब असाच होतो. आणि या हिशेबात सातपुड्याची घळ अतिशय देखणी दिसते. उंच कडे, अरुंद तोंड, आत खोल दऱ्या. हिरवा रंग भरपूर. लाल ठिपके विरळ.

विरळ. या शब्दापाशी मला थांबायचं आहे. ते ठिपके विरळ का आहेत? तिथे माणसं कमी होती म्हणून? की भिल्ल-पावरा माणूस खेटून घर बांधत नाही म्हणून? प्रत्येकाचं घर त्याच्या त्याच्या टेपाडावर, भोवती त्याचं शेत, मधे ओहोळ, पलीकडच्या टेपाडावर भावाचं घर. एक गाव म्हणजे चार-पाच मैलांत विखुरलेले पाडे. एक इंचाच्या पत्रकावर ते सगळं नीट मावत नाही. गावाचं नाव एकाच ठिकाणी छापलं जातं आणि बाकीचा डोंगर रिकामा वाटतो. जो हे जाणतो, त्याला तो रिकामा दिसत नाही. पण साठ्याचा हिशेब करणाऱ्यानं हे जाणण्याची अट कुणी घातली होती?

आता ४५५ चा आकडा घ्या. एक इंची पत्रकावर समोच्च रेषा पन्नास फुटांच्या टप्प्यानं असतात, डोंगराळ भागात काही ठिकाणी शंभरच्या. म्हणजे ४५० ची रेषा असेल, ५०० ची असेल. ४५५ ची रेषा कुठेच छापलेली नाही. पुढे मेट्रिक पत्रकं आली, पन्नास हजारास एक या प्रमाणातली, वीस मीटरच्या टप्प्याची. तिथे १२० ची रेषा आहे, १४० ची आहे. १३८.६८ ची नाही. ज्या रेषेनं आपली ३३ गावं बुडितात आली, ती रेषा आपल्याला मिळणाऱ्या कुठल्याही पत्रकावर छापलेली नाही. ती दोन रेषांच्या मधे अंदाजानं धरावी लागते.

माझ्या प्रतीवर मी ती पेन्सिलनं काढली. पेन्सिल चांगली टोकदार होती. तरी रेघ अर्ध्या मिलिमीटरची झालीच. एक इंचाला एक मैल या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर तीस मीटरहून जास्त. त्या रेघेच्या जाडीखाली एक घर, त्याचं अंगण, गुरांचा गोठा आणि मोहाची दोन झाडं सहज मावतात. आता सांगा, ते घर रेषेच्या आत की बाहेर? न्यायानं सांगायचं तर पुढे जागेवर जाऊन पातळ्या घेतल्या गेल्या, खुणेचे दगड रोवले गेले. पण पुराच्या वेळी पाणी सपाट उभं राहत नाही, वरच्या अंगाला ते चढतं. त्यासाठी निवाड्यानं घरांकरता ४६० फुटांची वेगळी पातळी धरली आहे. एवढ्या बारीक फरकांवर बुडीतग्रस्त कोण आणि कोण नाही, हे ठरलं. त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, याचं नवल कसलं?

उदई नदी लक्षात ठेवा असं मी मघाशी म्हणालो. नर्मदेचे काठ उभे आहेत, तिथे पाणी चढलं तरी आडवं फार पसरत नाही. पण उपनद्यांच्या तोंडातून ते लांब आत शिरतं. उदईकाठच्या बिलगावला लोकांनी श्रमदान करून २००३ साली धबधब्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभारला, पंधरा किलोवॅटचा. देशाच्या विजेसाठी ज्यांचं खोरं घेतलं, त्यांच्या घरी स्वतःच्या ओढ्यावरची वीज आली. २००६ च्या पावसाळ्यात तो पाण्यात गेला. सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. धडगावच्या पाड्यांवर बल्ब कधी लागले, हे या सभागृहातल्या धडगावकरांनी उठून सांगावं.

पुढचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. १९९३ साली आपल्या जिल्ह्यातल्या नर्मदाकाठच्या मणिबेलीत पहिलं पाणी आलं. १९९४ मध्ये मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं. मग भिंत टप्प्याटप्प्यानं चढत गेली, २००६ पर्यंत १२१.९२ मीटर, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ ला टेकलं. माझी पेन्सिलची रेघ त्या दिवशी प्रत्यक्षात आली. तिच्या वर राहिलेले पाडे टेकड्यांच्या टोकांवर अडकले. तिथे आज होडीतून जावं लागतं, आणि आरोग्य खात्याचा दवाखानाही पाण्यावर तरंगत जातो. चिमलखेडी, निमगव्हाण इथे नर्मदा बचाव आंदोलनानं सुरू केलेल्या जीवनशाळांतली मुलं याच पाण्याच्या काठानं वाढली.

आणि ज्यांना उठावं लागलं, त्यांना निवाड्यानं किमान दोन हेक्टर जमीन देऊ केली होती. पण कुणाला? ज्याची जमीन गेली त्याला. आणि जमीन गेली हे दाखवायचं कशावरून? महसुली नकाशावरून, सातबाऱ्यावरून. मघाशी हातात ठेवायला सांगितलेला धागा तो हा. ज्या वनगावांची मोजणीच झाली नव्हती, तिथला माणूस आधी ‘अतिक्रमणधारक’ ठरला आणि मग हक्क मागत फिरला. एका खात्याच्या नकाशात त्याचा डोंगर फुटाफुटानं मोजलेला होता. दुसऱ्या खात्याच्या नकाशात त्याचं शेत नव्हतंच. उंची मोजली, शेत मोजलं नाही. या दोन वाक्यांत सातपुड्यावरचा अन्याय मला दिसतो, आणि तो मी कुणाच्याही समोर ठामपणे मांडायला तयार आहे.

धरण हवं होतं की नको, हा वाद आज मी काढत नाही. गुजरातच्या, राजस्थानच्या कोरड्या भागाला पाणी मिळालं, हे खरं आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्यांचं खोरं गेलं, त्यांच्या खोऱ्याची नीट नोंद तरी आपण ठेवली का?

एक प्रसंग सांगतो. तळोद्याकडच्या एका पुनर्वसन वसाहतीत मी ही पत्रकं घेऊन गेलो होतो. एका ओट्यावर पसरली. नर्मदाकाठचे एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, “गुरुजी, पाणी कुठल्या अंगाला जातं?” मी बोटानं दाखवलं. त्यांनी पत्रक थोडं फिरवून घेतलं आणि मग त्यांचं बोट नदीवरून चालायला लागलं. ओहोळ ओळखला, टेपाड ओळखलं. कागदावर ज्या काळ्या रेषेला नावच नव्हतं, तिच्या वळणावळणाची नावं त्यांनी सांगितली. इथे झरा, वैशाखातही न आटणारा. इथे खळं. इथे आमचा देव, वाघदेव. इथे माणसं पुरायची जागा. इथून होळीला काठीच्या वाटेला लागायचो. कागदावर त्या जागी नुसता हिरवा रंग होता. शेजारी बसलेला त्यांचा नातू हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. तो इथे सपाटीवर जन्मलेला, नदी त्यानं फक्त तुंबलेली पाहिली आहे.

बंधू-भगिनींनो, हे ज्ञान कुठल्याही कार्यालयात नाही. पुराभिलेखागारात नाही, उपग्रहाच्या चित्रात नाही. उपग्रहाला तिथे आता निळं पाणी दिसतं. ते त्या ओट्यावर बसलेल्या माणसाजवळ होतं. मणिबेलीत पाणी आलं तेव्हा जे पंचविशीत होते, ते आज साठीला टेकले आहेत. तेव्हा जे साठीत होते, त्यांच्यातले किती उरले असतील, याचा तुम्हीच हिशेब करा.

नकाशा आता दुर्मिळ राहिलेला नाही. एके काळी असं पत्रक मिळवायला अर्ज, शिफारशी, हेलपाटे लागायचे. २००५ च्या नकाशा धोरणानं ते थोडं सैल झालं, २०१७ पासून पन्नास हजारास एक या प्रमाणातली खुली पत्रकं सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नागरिकांना विनामूल्य मिळू लागली, २०२१ मध्ये उरलेले बरेच निर्बंध गेले. अमेरिकी सैन्यानं १९५० च्या दशकात आपल्याच पत्रकांवरून अडीच लाखास एक या प्रमाणात काढलेले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. धरणाआधीची नर्मदा त्यांत आहे. वनहक्क कायद्याच्या दाव्यांसाठी आपल्याकडच्या गावकऱ्यांनी जीपीएस घेऊन आपली शेतं स्वतः मोजली. म्हणजे साधन हाताशी आहे, हात सरावलेले आहेत. ज्यांची मोजणी कुणी केली नाही, त्यांची पोरं आता मोजणी करू शकतात.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या भूगोल आणि इतिहास विभागांनी धरणाआधीची पत्रकं मोठी करून छापावीत. विद्यार्थ्यांनी दोघा-दोघांच्या जोडीनं पुनर्वसन वसाहतींत आणि काठावर उरलेल्या पाड्यांत जावं, जोडीतला एक जण तरी भिल्ली किंवा पावरी बोलणारा असावा. घर, शेत, झरा, देवस्थान, वाट, खळं, प्रत्येकाची जागा त्या पत्रकावर म्हाताऱ्या माणसांकडून भरून घ्यावी, नाव त्यांच्या उच्चारानं देवनागरीत लिहावं, आणि सांगणाऱ्याचं नाव त्याच पत्रकाच्या समासात लिहावं. सर्व्हेयर जनरलचं नाव जिथे छापतात, तिथेच. ३३ गावांची ३३ पत्रकं. एक प्रत गावाच्या ग्रामसभेकडे, एक शाळेत, एक जिल्हा ग्रंथालयात.

तापीकाठच्या, डाइकांच्या, सीमेपलीकडे गेलेल्या गावांच्या नोंदीही व्हायला हव्यात, पण त्या थोड्या थांबू शकतात. नर्मदेच्या थांबू शकत नाहीत.

माझ्याकडच्या पत्रकांचा हा संच मी आज संयोजकांकडे ठेवून जातो आहे. ज्यांना न्यायचा असेल, त्यांनी नाव नोंदवून न्यावा. सोमावल, रोझवा, रेवानगर ही गावं इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत. पहिल्या गटानं दिवाळीच्या सुट्टीत निघावं, अशी आपणा सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे.